महिनाभरात पीपीएल देणारे परदेशी कोर्स: परवाना मिळतो, पण उडवता येतं का?

मंडळी, मदत हवी आहे.

हौसेखातर विमान शिकायचंय, नोकरीसाठी नाही. पीपीएल, म्हणजे खाजगी वैमानिकाचा परवाना, मिळाला की झालं. फ्लोरिडा किंवा अ‍ॅरिझोनाला जायचं, रोज दोनदा उडायचं आणि तीन-चार आठवड्यांत परवाना घेऊन परतायचं, असे कोर्स बरेच दिसतात. फायदा उघड आहे. फक्त शनिवार-रविवार शिकणाऱ्याचा निम्मा वेळ मागचं आठवण्यातच जातो.

तासांचं गणित कळलं. अमेरिकेत पार्ट ६१ (वैमानिक परवान्यांचे नियम) खाली किमान ४० तास, त्यात २० प्रशिक्षकासोबत आणि १० एकट्याने. युरोपात किमान ४५. बहुतेकांना याहून जास्त लागतात, त्यामुळे ‘४० तासांत हमखास’ वाचलं की मी पुढे सरकतो.

शंका आहे ती हवामानाची. अ‍ॅरिझोनात बहुतेक दिवस आकाश निरभ्र. ढग खाली उतरत येताना ज्याने कधी पाहिलेच नाहीत, तो ‘आज नको’ म्हणायला किंवा अर्ध्या वाटेतून मागे फिरायला कुठे शिकणार? आडव्या वाऱ्याचंही तेच. वाऱ्याकडचा पंख झुकवायचा, उलटा रडर (शेपटीवरचं, पायाने चालवायचं सुकाणू) देऊन नाक धावपट्टीच्या रेषेत धरायचं आणि वाऱ्याकडचं चाक आधी टेकवायचं. वाचायला सोपं आहे, पण पायात बसायला त्या नेमक्या आठवड्यांत वारा सुटायला हवा! शिवाय दोन किलोमीटरच्या धावपट्टीवर जरा वेगात येऊन तरंगत राहिलं तरी खपतं. सहाशे मीटरच्या गवती पट्टीवर कसं खपणार?

असा कोर्स केलेल्यांनी किंवा अशांना पुढे शिकवलेल्यांनी खरं काय ते सांगावं. परतल्यावर एकट्याने उडायची हिंमत होती का?

प्रतिसाद १: केलाय. लँडिंग छान बसतं, निर्णय घेणं तेवढं नाही. पण फ्लोरिडाला सरसकट ‘सोपी हवा’ म्हणू नका. उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी ढग उभे राहतात, सकाळी लवकर उडून वेळेत परतायचं गणित तिथे रोज मांडावं लागतं. माझ्या मते खरा घात होतो तो नंतर, परवाना कपाटात ठेवल्यावर. प्रवासी न्यायचे तर अमेरिकी नियमाने मागच्या ९० दिवसांत ३ टेकऑफ-लँडिंग हवेत. तेवढ्याने कायदा सांभाळला जातो, हात नाही. परतल्यावर जिथे नेहमी उडणार तिथल्या प्रशिक्षकासोबत वाईट हवेत थोडे तास काढा.

प्रतिसाद २: थिअरी घरूनच संपवून जा. मेडिकल (वैद्यकीय तपासणी) आधी करा, त्याशिवाय सोलो, म्हणजे एकट्याने उडणं, नाही. शेवटी मोकळे दिवस ठेवा आणि सगळे पैसे आगाऊ भरू नका. एकच प्रशिक्षक शेवटपर्यंत मिळणार का, हे लेखी विचारा.

धागाकर्ता: दोघांचे आभार. प्रशिक्षकाचं डोक्यातच नव्हतं. मध्येच बदलला तर साधारण किती तास वाया जातात?