मदत हवी आहे: राजापूरला अधिवेशन भरवायचं आहे, यजमानपदाचा प्रस्ताव कसा लिहू?

अणुस्कुरा

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी इतिहास शिकवते. आमच्या विषयाच्या एका अखिल भारतीय परिषदेने पुढच्या अधिवेशनासाठी यजमान संस्थांकडून प्रस्ताव मागवले आहेत. अधिवेशन तीन दिवसांचं, प्रतिनिधी साधारण २००, आणि प्रस्तावाची मुदत संपायला १६ दिवस उरलेत. प्राचार्यांनी मनापासून होकार दिलाय. "एक पानाचं निमंत्रण लिहा, मी सही करतो," म्हणाले. पण नमुन्यात निवास, सभागृह, समांतर सत्रं, अंदाजपत्रक, आधीचा अनुभव असं सगळं विचारलंय. ते एका पानात मावणार नाही.

एवढा अट्टहास कशासाठी, तेही सांगते. कोकणातली कातळशिल्पं, म्हणजे उघड्या खडकावर कोरलेली प्राचीन चित्रं, २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्या यादीतल्या नऊ ठिकाणांपैकी कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही पाच आमच्या तालुक्यात आहेत. त्यांच्यावरचे निबंध वाचले जातात ते मोठ्या शहरांतल्या वातानुकूलित सभागृहांत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगावर कितीतरी इतर प्राणी कोरलेले आहेत. पडद्यावर तो वीतभर दिसतो. या विषयावर बोलणाऱ्या माणसांनी एकदा तरी त्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, उभं राहावं, आणि त्याच वाडीतून कॉलेजला येणाऱ्या माझ्या मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत, एवढीच इच्छा आहे.

अडचणी बऱ्याच आहेत. काल वही घेऊन सगळी इमारत फिरले. सभागृहात २२० खुर्च्या आहेत, त्यातल्या १४ मोडक्या. प्रोजेक्टर चालतो असे वर्ग तीन. सात नंबरच्या वर्गातल्या पडद्यावर ओलीचा मोठा डाग आहे. महिलांसाठी स्वच्छतागृहं फक्त तीन. गावातल्या सगळ्या लॉजच्या खाटा मोजल्या तर ७० च्या पुढे जात नाहीत.

पैशाची भीती वेगळीच. आधीच्या एका कॉलेजात मी चर्चासत्राची समन्वयक होते. अनुदान मंजूर झालं, पण हातात यायला १४ महिने लागले. केटररचे ₹६२,००० मी माझ्या खात्यातून दिले. ते परत मिळाले, पण ते वर्ष घरात फार ओढाताणीचं गेलं.

प्रस्तावात उणिवा मोकळेपणी लिहाव्यात का? अनुदान हातात नसताना अंदाजपत्रक कसं मांडायचं? श्रीलंकेतल्या एका अभ्यासकांना बोलवायचं मनात आहे, त्यासाठी काय लागतं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निवृत्त_कार्यवाह

ताई, अशा प्रस्तावांची छाननी मी नऊ वर्षं केली आहे. उणिवा लिहाच, पण प्रत्येकीपुढे तोडगा लिहा. "लॉजमध्ये ७० खाटा, वसतिगृहात ६०, उरलेल्या ७० जणांची सोय निवास-न्याहरीच्या घरांत, घरमालकांची संमतिपत्रं सोबत" असं वाचलं की समितीला कळतं की या माणसाने दारोदार फिरून विचारलंय. "निवासाची उत्तम सोय केली जाईल" या वाक्यावर आम्ही लाल पेन्सिलीने खूण करायचो.

लहान जागेचा संकोच मनातून काढा. अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचं पहिलं अधिवेशन १९१९ साली पुण्याला भांडारकर संस्थेत भरलं, तेव्हा संस्था स्थापन होऊन अवघी दोन वर्षं झाली होती. तुमच्याजवळ कातळशिल्पांची पाच ठिकाणं आहेत. शहरातलं कुठलं विद्यापीठ ती देऊ शकणार आहे? प्रस्तावाची सुरुवात तिथूनच करा. सभागृह दुसऱ्या पानावर आलं तरी चालेल.

एक मात्र कटाक्षाने पाळा. संस्थेच्या व्यवस्थापनाचा ठराव जोडा. नुसत्या प्राचार्यांच्या सहीवर विसंबू नका. मधल्या काळात त्यांची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले, तर सगळा भार एकट्या तुमच्यावर येतो. हे मी दोनदा पाहिलंय.

हिशेबनीस

पैशाचं मी सांगतो. अनुदान मिळालंच नाही असं धरून अंदाजपत्रक मांडा. नोंदणी शुल्क आणि संस्थेचा वाटा एवढ्यात जेवण, निवास आणि गाड्या भागल्या पाहिजेत. आयसीएचआर (भारतीय इतिहास संशोधन परिषद) किंवा आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) यांच्याकडे अर्ज जरूर करा, पण तो पैसा आला तर निबंधांच्या पुस्तकाला आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कमाफीला लावा. अनुदानाची रक्कम सहसा हप्त्यांनी येते आणि शेवटचा हप्ता अहवाल, लेखापरीक्षित हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर सुटतो. तोवर केटरर थांबत नाही.

अधिवेशनासाठी वेगळं बँक खातं उघडा, सह्या दोघांच्या ठेवा. शुल्क कुणाच्याही वैयक्तिक फोनवर घेऊ नका, एक रुपयासुद्धा नाही. आणि तुमच्या खात्यातून आगाऊ रक्कम देण्याची वेळ पुन्हा येऊ नये म्हणून व्यवस्थापनाच्या ठरावातच "संस्था अमुक रकमेपर्यंत अग्रिम देईल" हे वाक्य घालून घ्या. तुम्ही सोसलंय ते फार वाईट होतं, आणि असं सोसणारे पुष्कळ आहेत.

वैजू_सावंतवाडी

तारखा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतच्या घ्या. पावसात सड्यावर पाणी, त्यानंतर गवत, कोरीव काम नीट दिसत नाही. पुढे शिमगा आला की गावात मदतीला माणूस मिळत नाही आणि त्याच्यामागोमाग आंबा.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, म्हणून निबंध स्वीकारल्याची पत्रं अडीच-तीन महिने आधी गेली पाहिजेत. राजापूर रोड स्टेशन गावापासून लांब आहे, हेही प्रस्तावात लिहा आणि तिथून गाडी ठेवा. कोल्हापूरहून येणाऱ्यांना अणुस्कुरा घाट उतरायचा आहे, त्यांना दिवसाउजेडी यायला सांगा.

सहलीसाठी एकदम २०० माणसं नेऊ नका. ४०-४० चे गट करा. बऱ्याच ठिकाणी जमीन खासगी मालकीची आहे, त्यामुळे मालकाला आणि ग्रामपंचायतीला आधी भेटा. रेषांवर पाय पडू नये म्हणून चुन्याने वाट आखा, पण कोरीव कामापासून चांगलं अंतर राखून. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून खोबणीत खडू भरणारे लोक मी पाहिलेत, तसलं कुणाला करू देऊ नका. वाटाड्या गावातलाच घ्या आणि त्याला मानधन द्या. देवाचे गोठण्याला होकायंत्र न्या, तिथे सुई कशी भरकटते ते मुलांनाच दाखवू दे.

परदेशी_पाहुणा

श्रीलंकेच्या अभ्यासकांना पर्यटक व्हिसावर निबंध वाचायला बोलावू नका. कॉन्फरन्स व्हिसा लागतो आणि त्यासाठी तुमच्या निमंत्रणपत्रासोबत परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी जोडावी लागते. काही बाबतींत गृह मंत्रालयाचीही मंजुरी घ्यावी लागते. कागद विद्यापीठामार्फत हलवलेत तर सोपं जातं. किमान चार महिने हातात ठेवा. नाहीच जमलं तर त्यांचं भाषण दूरस्थ ठेवा, पण परदेशी वक्त्यांच्या ऑनलाइन कार्यक्रमाचे नियमही विद्यापीठाला आधी विचारा.

अजून एक. "तुमचे सगळे निबंध आमच्या जर्नलच्या विशेषांकात छापू" असे फोन तुम्हाला येतील. पैसे घेऊन सरसकट छापणाऱ्यांना अधिवेशनाच्या जवळपास फिरकू देऊ नका. तरुण प्राध्यापकांचं त्यात फार नुकसान होतं.

अणुस्कुरा

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद छापून आज प्राचार्यांना नेऊन दिले. त्यांनी दोनदा वाचले आणि व्यवस्थापनाची बैठक शनिवारी लावली, ठरावाचा मसुदा मीच लिहायचाय. दुपारी दोन विद्यार्थिनींना घेऊन घरं बघायला निघाले. संध्याकाळपर्यंत ११ घरांनी होकार दिला, म्हणजे ३४ खाटा. एका आजींनी विचारलं, "पाव्हणे घावणे खातील ना?" आणि संमतिपत्रावर अंगठा उमटवला. श्रीलंकेच्या पाहुण्यांचं प्रस्तावात "निमंत्रित करण्याचा मानस" एवढंच लिहीन.

सहलीसाठी एसटीच्या चार गाड्या प्रासंगिक करारावर, म्हणजे तेवढ्यापुरत्या भाड्याने, घ्याव्यात असं वाटतंय. त्याची चौकशी आगारात करायची की विभागीय कार्यालयात?

वैजू_सावंतवाडी

आगारातच करा. आगार व्यवस्थापकांच्या नावाने कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र न्या, प्रत्येक गाडीचा मार्ग आणि थांब्याचे तास लिहून. दर लेखी घ्या आणि तो कागद अंदाजपत्रकाला जोडा.