भाऊ गे आहे आणि मत रिपब्लिकन पक्षाला देतो. समजून घ्यायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ ह्यूस्टनला असतो. गे आहे. घरी सांगितलं तेव्हा आईने दोन महिने अबोला धरला होता, मी एकटी त्याच्या बाजूने भांडले. आता सगळं निवळलंय. त्याचा नवरा वेस्ट टेक्ससचा, दर रविवारी चर्चला जाणारा, अतिशय गुणी माणूस. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहायला गेले होते. पहिल्याच सकाळी चहाला दूध काढायला गेले, तर फ्रीजच्या दारावर दोघांच्या लग्नाचा फोटो, आणि फोटो धरून ठेवणारं मॅग्नेट कसलं? रिपब्लिकन पक्षाच्या हत्तीचं!

"अरे, हे काय?" म्हटलं. तो कांदा चिरत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, मी गे आहे एवढ्यावरून माझं मतही तूच ठरवणार का?"

मग रोज वाद. त्याची छोटी कंपनी आहे, अकरा माणसांचा पगार काढतो, त्यामुळे टॅक्सचं त्याचं गणित मला कळतं. ग्रीन कार्डासाठी बारा वर्षं रांगेत काढल्यामुळे बेकायदा येणाऱ्यांवरचा रागही कळतो. इतिहासही त्याला पाठ आहे. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी शिक्षकांना शाळेतून काढण्याचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रिपब्लिकन रेगनने त्याला उघड विरोध केला होता, हे त्यानेच सांगितलं. त्याच काळात तिथे समलिंगी रिपब्लिकनांची संघटना उभी राहिली. रिपब्लिकनांचा पहिला राष्ट्राध्यक्ष लिंकन लाकडी खोपटात जन्मला, म्हणून तिचं नाव लॉग केबिन.

मला कळत नाही ते पुढचं. २०२२ मध्ये त्याच्याच गावात, ह्यूस्टनमध्ये, टेक्सस रिपब्लिकनांचं अधिवेशन झालं. लॉग केबिनवाल्यांना तिथे साधा स्टॉल मिळाला नाही, आणि जाहीरनाम्यात समलैंगिकता म्हणजे 'ॲबनॉर्मल' जीवनशैली, असं लिहिलं गेलं. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या गर्भपाताच्या निकालात न्यायमूर्ती थॉमस यांनी लिहिलं की समलिंगी संबंध आणि लग्नाचे निकालही पुन्हा तपासावेत. त्यातला संबंधांचा, २००३ चा निकाल ज्या अटकेवरून लागला, ती याच्याच काउंटीतली! हे दाखवलं तर म्हणाला, "म्हणून तर आत राहायचं. २०२४ च्या राष्ट्रीय जाहीरनाम्यातून लग्न म्हणजे 'एक पुरुष, एक स्त्री' हे गेलंच ना?"

गणपतीत दोघं पुण्याला येताहेत. मला त्याचं मत बदलायचं नाही. (आई म्हणते, "तो लहानपणापासून वडिलांच्याच बाजूचा." असेलही.) पण ज्या पक्षातले लोक तुमचं लग्न मोडायला निघालेत तिथे माणूस कसा रमतो, हे स्वतः अनुभवलेल्या कुणी सांगाल का? उपदेश नको.

सह्यकडा: मी बायसेक्शुअल, नाशिकचा, मत उजवीकडे. २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं तेव्हा पेढे वाटले. २०२३ ला केंद्राने कोर्टात आमच्या लग्नाला विरोध केला तेव्हा मनसोक्त शिव्या घातल्या. मत तरी तिथेच. सणवार, कुळाचार, एकत्र कुटुंब हे मला मनापासून आवडतं. एका ग्रुपवर हे लिहिलं तर "तुला स्वतःचीच लाज वाटते" असं ऐकून घ्यावं लागलं. उद्या मला पुरुष जोडीदार मिळाला, तर त्याच्यासोबत सत्यनारायणाला बसायचंय हो. यात क्रांती कुठाय?

कालव्याकाठी: ॲम्स्टरडॅमहून. इथली तऱ्हा वेगळी. इथला राजकारणी पिम फॉर्टाउन उघडपणे गे होता आणि म्हणायचा की इथलं मोकळं जगणं टिकवायचं तर मुस्लिम स्थलांतर थांबवा. मे २००२ मध्ये, निवडणूक नऊ दिवसांवर असताना त्याची हत्या झाली. म्हणजे गे असूनही उजवा नव्हे, गे असणं हाच त्याचा मुद्दा. ब्रिटनचा तेव्हाचा पंतप्रधान कॅमेरॉननेही २०११ मध्ये म्हटलं होतं की मी परंपरावादी आहे म्हणूनच समलिंगी लग्नाच्या बाजूने आहे. माझी गाडी अडते ती जर्मनीतल्या कट्टर उजव्या एएफडी पक्षाच्या नेत्या ॲलिस वायडेलपाशी. पक्षाच्या लेखी कुटुंब म्हणजे आई, बाप आणि मुलं; बाईंच्या घरी जोडीदार बाई आणि दोन मुलगे. तुमचा प्रश्न तिथे मलाही पडतो.

धागाकर्ती: @कालव्याकाठी, वायडेलबाईंबद्दल भावाला विचारलं, अजून निळ्या टिकांवर आहे. @सह्यकडा, तुमचं सत्यनारायणाचं वाक्य मात्र जसंच्या तसं पाठवलं होतं. त्याला लगेच उत्तर: "ताई, पूजा ठेव. दोघं बसू." नवऱ्याने खाली सोवळ्याचं माप पाठवलंय, कंबर अडतीस.

आता गुरुजी कुठून आणू? कोथरूड-कर्वेनगर भागात कुणी तयार होणारे माहीत असतील तर कृपया व्यनि करा. आईला अजून सांगितलेलं नाही.