किडनी गेलेल्या कुत्र्याला सलाईन कुठवर लावायचं? डॉक्टरांनी आधी स्पष्ट सांगावं

सुदामानगरकर

कुत्र्याचा आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल, तर डॉक्टरांनी ते घरच्यांना लगेच आणि स्पष्ट सांगायला हवं, असं माझं ठाम मत झालंय. 'सलाईन लावू, बघू काय होतं' एवढ्यावर माणसाला टांगून ठेवू नये.

आमच्या अकरा वर्षांच्या लॅब्रॅडॉरने खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या, तोंडाला लघवीसारखा उग्र वास येऊ लागला. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनीने गाळून बाहेर टाकायची घाण) ८ च्या वर. इथल्याच, इंदूरच्या एका दवाखान्यात रोज सलाईन, रोज बिल, आणि विचारलं की रोज एकच उत्तर, 'थोडा धीर धरा.' सोनोग्राफीचं नावही कुणी काढलं नाही. शेवटी त्याला जवळच्या महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात नेलं. तिथे सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या दिसल्या. डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं की हे आतल्या आत कधीपासून चाललंय, किडनीचं सुमारे ७५ टक्के काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन वाढतच नाही, आणि गेलेला भाग परत येत नाही. सलाईनने त्याला बरं वाटेल, थांबवलं की पुन्हा तेच.

हे आधी कळलं असतं तरी आम्ही कदाचित सलाईनच लावलं असतं. पण घरी, त्याच्या गादीवर, आई त्याच्या जवळ बसलेली असताना. परक्या टेबलावर, तोंड पट्टीने बांधून नाही. त्याचे शेवटचे दिवस कुठे जावेत हे ठरवायचा हक्क आमचा होता.

महूचा जुना विद्यार्थी (पशुवैद्य)

दादा, तुमचं दुःख समजतं, पण मागणी मला मान्य नाही. पहिल्या दिवशीचं क्रिएटिनिन एकटं काही सांगत नाही. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की तो आकडा आणखी चढतो. किडनीच्या जुन्या आजाराच्या चार पायऱ्या जगभर मानल्या जातात, त्यात ५ च्या वर म्हणजे चौथी. पण नियम असा की पाणी भरून निघाल्यावर, कुत्रं स्थिर झाल्यावरच पायरी ठरवायची.

आणि मुळात आजार जुना की अचानकचा? उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, कुत्र्याने गिळलेल्या अंगदुखीच्या आयबुप्रोफेनच्या गोळ्या, मूठभर मनुका, यांनीही किडनी बंद पडते. वेळेत उपचार मिळाले तर त्यातली कित्येक कुत्री चालत घरी जातात. ९ क्रिएटिनिन घेऊन आलेलं कुत्रं पुढे नॉर्मल झालेलं मी स्वतः पाहिलंय. त्याच्या घरच्यांना मी पहिल्याच दिवशी 'आशा नाही' म्हटलं असतं तर? पहिल्या दोन-तीन दिवसांच्या सलाईनमधूनच आजाराचा अंदाज येतो.

सोनोग्राफी सुचवायला हवी होती, हे मात्र शंभर टक्के खरं.

रामबागची ताई

'बरा होणार नाही' म्हणजे लगेच 'शेवटचे दिवस' का? माझ्या पामेरियनची तिसरी पायरी होती. डॉक्टरांनी घरी सलाईन द्यायला शिकवलं. रिंगर लॅक्टेट नावाच्या सलाईनची बाटली कोमट पाण्यात ठेवायची, खिडकीच्या गजाला टांगायची, खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलून सुई घालायची. पाठीवर उंटाच्या वशिंडासारखा फुगवटा येतो आणि काही तासांत जिरतो. पहिल्यांदा माझे हात थरथरत होते, नंतर ती माझ्या मांडीवर झोपून जायची.

जोडीला किडनीचं वेगळं खाणं, कारण बिघडलेल्या किडनीला न झेपणारा फॉस्फरस त्यात कमी असतो. मांसाचे तुकडे, चीज सगळं बंद. तरीही फॉस्फरस उतरला नाही तर तो अडवणारी पावडर जेवणात कालवायची. ती वर्षाहून जास्त जगली आणि चांगली जगली. दारावर कुणी आलं की आधी तिचंच भुंकणं. सुदामानगरकर, तुम्हाला हवं तसं कुणी मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी खचून तिला तेव्हाच सोडून दिलं असतं.

नंदानगर

ताई, तुम्हाला जमलं, आनंद आहे. पण खर्चाचं कुणीच बोलत नाहीये. ज्याच्या घरी महिन्याचा पगार मोजून येतो, त्याने रक्ततपासणी, सोनोग्राफी, आयातीचं खाणं कुठून आणायचं? महूला न्यायचं तर कुत्रं पाहूनच रिक्षावाला नाही म्हणतो. कुत्र्यांचं डायलिसिस चेन्नईच्या मद्रास व्हेटर्नरी कॉलेजात होतं, ते इथे बसून वाचायचं फक्त. मी सुदामानगरकरांच्या बाजूने आहे. खर्च किती आणि त्याने किती फरक पडेल, दोन्ही एकाच वेळी सांगा. नाहीतर गरीब माणूस कर्ज काढतो आणि कुत्रंही जातं.

लोकमान्यनगर

एवढं स्पष्ट सांगायचं म्हणजे अखेर इंजेक्शनचाच रस्ता दाखवायचा ना? मला ते पटत नाही. ज्याने आपल्यावर विश्वास टाकला, त्याचा जीव आपण का घ्यायचा? माझ्या आजोबांच्या म्हाताऱ्या कुत्रीला आम्ही शेवटपर्यंत चमच्याने पाणी पाजलं. ती आपल्या वेळेला गेली.

महूचा जुना विद्यार्थी (पशुवैद्य)

काका, म्हातारपणाने शांतपणे जाणं आणि किडनी बंद पडून रक्तात युरिया साठल्याने जाणं यात फार अंतर आहे. शेवटच्या टप्प्यात जिभेवर, हिरड्यांवर जखमा होतात, पाणी पाजलं तर तेही उलटतं, काहींना झटके येतात. अशा वेळी आम्ही आधी गुंगीचं औषध देतो, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा जादा डोस. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, म्हणून घरच्यांना आधी सांगून ठेवतो. कुणावर हा निर्णय लादत नाही, पण त्याला क्रूरपणा म्हणू नका.

नंदानगरच्या मित्रांचं मान्य. खर्चाचा अंदाज पहिल्याच दिवशी द्यायला हवा, त्यासाठी कुठल्याही रिपोर्टची वाट पाहायची गरज नाही.

सुदामानगरकर

ताई, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तुम्हाला पायरी सांगितली, घरी काय करायचं ते शिकवलं, म्हणून तुम्ही ते वर्ष तिच्यासोबत काढलंत. आम्हाला यातलं काहीच मिळालं नाही.

डॉक्टर, अचानकच्या आजाराचा मुद्दा पटला. तिसऱ्या दिवसापर्यंत थांबायला मी तयार आहे. पण पहिल्या दिवशी एवढं तरी बोला की 'हा जुना आजारही असू शकतो, सोनोग्राफी करा, परवा पुन्हा रक्त तपासू आणि आकडा उतरला नाही तर समोरासमोर बसून पुढचं ठरवू.' यात आशा तोडण्यासारखं काय आहे? आणि हे तोंडी नको, केसपेपरवर लिहून द्या. तिथे उभं असताना माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही, घरी आल्यावर सगळे मिळून वाचता येतं.