अनुभव धागा: गाणं ऐकताना नेमकं काय होतं?

गाण्याचं नाव नको, गायकाचं नको. 'बालपण आठवलं' या उत्तराला इथे गुण नाहीत. ऐकताना अंगात आणि मनात काय घडतं, तेवढंच लिहा. सुरुवात मी करतो.

माझा मारवा. या रागात पंचम, म्हणजे 'प', वर्ज्य, आणि षड्जावरही, म्हणजे मूळच्या 'सा'वरही, गायक फारसा टेकत नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्याच अवतीभवती घुटमळतो. तानपुऱ्यात मात्र षड्ज घुमतच असतो. थोड्या वेळाने मला चक्क अस्वस्थ वाटायला लागतं. कुणी दारात उभं आहे आणि आत काही येत नाही, तसं. मग एकदाचा 'सा' लागतो आणि माझा श्वास सुटतो. इतका वेळ तो धरून ठेवलेला होता, हे तेव्हाच कळतं.

आता तुम्ही.

मिरज, तबल्याचा विद्यार्थी
तिहाई! एकच तुकडा तीनदा आणि शेवटचा 'धा' समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. दुसऱ्या फेरीतच सगळा हिशेब दिसतो, तरी हात उठायचा तो उठतोच. आमचे गुरुजी कधी मुद्दाम समेच्या जरा आधी संपवतात. सगळे चकतात, मग हसतात. गंमत म्हणजे चकतो तो मात्रा मोजणारा. तीनतालाच्या १६ मात्रा ज्याला माहीतच नाहीत, त्याला चकवणार कसं?

ठाणे
पण पाठ झालेल्या गाण्यात कसला आलाय चकवा? माझ्याकडे एक जुनी कॅसेट होती. दुसऱ्या अंतऱ्याआधी टेप चावली गेलेली, तिथे आवाज क्षणभर बुडायचा. आता तेच गाणं मोबाइलवर स्वच्छ ऐकू येतं आणि त्या जागी मला दरवेळी ठेच लागते. जिथे बुडायला हवं तिथे बुडत नाही. त्यानंतर सनई येते. ती येणार हे ठाऊक असतं, कुठल्या क्षणी तेही ठाऊक असतं, आणि काटा येतो तो ती सुरू व्हायच्या आधी. आधी! हे कुणी समजावून सांगेल का?

पुणे
ठाणेकर, तुमच्या त्या 'आधी'वर काम झालं आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली ते प्रसिद्ध केलं. गाणं ऐकून ज्यांना हमखास काटा येतो अशी माणसं निवडली, त्यांचं स्वतःचं आवडतं शब्दांविना संगीत त्यांना ऐकवलं आणि मेंदूची पेट आणि एफएमआरआय अशा दोन्ही स्कॅननी तपासणी केली. डोपामाइन, म्हणजे बक्षिसाच्या भावनेशी जोडलेलं मेंदूतलं रसायन, दोनदा वाढलेलं दिसलं, मेंदूच्या दोन वेगळ्या भागांत: एकदा आवडती जागा जवळ येत असताना, एकदा ती आल्यावर. म्हणजे वाट पाहण्याचंही बक्षीस मिळतं, आणि वेगळं मिळतं. प्रयोगातली माणसं मोजकीच होती, हेही सांगायला हवं.
मला स्वतःला मात्र काटाबिटा येत नाही. घशात येतं.

फोंडा, गोवा
वाट पाहणं वगैरे बसून ऐकणाऱ्यांचं. चवथीला, म्हणजे गणपतीत, घुमट आरती ऐका. घुमट हे मातीचं चर्मवाद्य, शामेळ हे काठ्यांनी वाजवायचं, आणि कासाळें म्हणजे झांजा. लय चढत जाते आणि शेवटी शेजाऱ्याचा खांदा आणि आपला खांदा एकाच ठोक्यावर हलतो. त्या शेजाऱ्याशी वर्षभर कुंपणावरून बोलणं नसतं. दुसऱ्या दिवशीही नसतं, ते सोडा.

नागपूर
मी उलट्या बाजूचा. मला गाण्याने काहीच होत नाही. कान ठीक आहेत, सूर चुकला तर कळतो, दुःखी गाणं दुःखी आहे हेही कळतं. आत काही हलत नाही, बस. बायकोला वाटतं मी शिष्टपणा करतो. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ साली माझ्यासारख्यांना तपासलं होतं. गाणं लावलं की नाडी आणि घाम जागच्या जागी; पैसे जिंकायचा खेळ दिला की इतरांसारखेच उत्तेजित. तो लेख बायकोला वाचून दाखवला. तिने विचारलं, "मग लग्नात सनईवर डोळे का पुसत होतास?" होमाचा धूर होता, दुसरं काय.

मिरज, तबल्याचा विद्यार्थी
नागपूरकर, शेवटचं षटक, सहा चेंडूंत सात धावा. तेव्हा?

नागपूर
तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जातो. बघवत नाही.

ठाणे
मग तुम्ही आमच्यातलेच.