सिम्स ४: एका सेव्हमध्ये चार घरं कशी सांभाळता?

हिरवा_हिरा
मंडळी, मदत करा. सिम्स ४ (माणसांची घरं-संसार चालवायचा कॉम्प्युटर गेम) खेळते, सगळं एकाच सेव्हमध्ये, म्हणजे जतन केलेल्या एकाच खेळात. त्यातल्या विलो क्रीक गावात एक जोडपं घेऊन सुरुवात केली, त्यांना जुळी झाली, ती लग्न करून वेगळी राहायला लागली, भाऊ न्यूक्रेस्टला, बहीण ओॲसिस स्प्रिंग्जला, शिवाय आईवडिलांचं घर आणि मैत्रिणीचं एक. आळीपाळीने खेळते. मध्यंतरी बहिणीच्या घरात इतकी रमले, तिच्या पोराला पॉटी शिकवण्यातच आठवडे गेले, आणि भावाकडे परत आले तर तो अजून यंग अडल्ट आणि बहीण त्याच्या पुढच्या वयात, अडल्ट होऊन बसलेली. अहो जुळी आहेत ती! वर भावाच्या घरात एक पोरगं दत्तक आलंय, मला न विचारता. काय चुकतंय?

वहीवाला
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वयाचं गेम ऑप्शन्समध्ये गेमप्लेखाली बघ, ऑटो एज (प्लेड सिम्स), म्हणजे आपल्या माणसांचं वय आपोआप वाढणं, त्याला 'ओन्ली ॲक्टिव्ह हाउसहोल्ड' असणार. म्हणजे ज्या घरात तू आहेस तेच म्हातारं होतं. दत्तकाचं काम नेबरहुड स्टोरीजचं (आपण खेळत नसलेल्या घरांत गेम स्वतःच घडामोडी घडवतो ते), मॅनेज हाउसहोल्ड्समध्ये जाऊन आपल्या घरांसाठी बंद कर. बाकी गावाला चालू राहू दे, नाहीतर सगळे नुसते पुतळे वाटतात.
मी तर ऑटो एज पूर्ण बंदच ठेवतो. प्रत्येक घरात रविवार ते रविवार, वहीत टिक करायची, चारही घरं झाली की ज्यांची वेळ आलीये त्यांना केक करून कँडल्स लावायच्या, त्या फुंकल्या की ते पुढच्या वयात जातात.

चहा_आणि_सेव्ह
वहीवाल्याचं बरोबर पण सीझन्स पॅक (गेमला ऋतू आणणारी जोड) असेल तर एक गंमत होते, माझी झालीये. कॅलेंडर सगळ्या सेव्हला एकच असतं. ऋतू सात दिवसांचा, घरं चार, प्रत्येकी एक आठवडा, म्हणजे फेरी संपली की वर्ष संपलं. माझ्या एका घराला कायम हिवाळाच! त्या पोरांनी उन्हाळा बघितलाच नव्हता आणि मला हे कळायला तीन फेऱ्या लागल्या. आता पाचवं घर घेतलंय, त्यामुळे दर फेरीला ऋतू एकाने सरकतो.

जुना_सिम्सकर
सिम्स २ मध्ये (२००४ चा) तर प्रत्येक घराचं घड्याळच वेगळं होतं. इकडे सोडून गेलात की तिकडचं सगळं जागच्या जागी थांबलेलं. वही तेव्हाही लागायचीच, भाचा मामापेक्षा म्हातारा व्हायचा नाहीतर. बाय द वे, फॉर रेंट पॅक असेल तर एका लॉटवर (प्लॉटवर) सहापर्यंत युनिट होतात, मी लांब गॅलरीवाली चाळ बांधून सगळ्या नातेवाईकांना तिथेच कोंबलंय. हाउसहोल्ड वेगवेगळेच राहतात, पण जिन्यात एकमेकांना भेटतात.

हिरवा_हिरा
वहीवाले दादा, दोन्ही सेटिंग तुम्ही म्हणालात तश्शीच होती! बदलली. दत्तक पोरगं ठेवलंय, गोड आहे. आता भावाला बहिणीच्या वयाला आणायचं म्हणून त्यालाच केक करायला लावला, तर कुकिंग स्किल एक, ओव्हनला आग लागली. विझवली एकदाची. केक आता बहिणीकडून करून घेते.

चहा_आणि_सेव्ह
आधी सेव्ह ॲज कर गं बाई, खेळाची वेगळी प्रत ठेव.