मदत हवी आहे : 'दॅट' आला की नाऊन क्लॉज ना? मग चूक का? (परवा पेपर आहे)

रानजाई
लेक दहावीला आहे. परवा इंग्रजीचा सराव पेपर. मागच्या चाचणीत क्लॉज ओळखायला दिले होते, तिने दोन्ही ठिकाणी नाऊन क्लॉज (नामाचं काम करणारं उपवाक्य) लिहिलं. एक बरोबर दिलं, एक चूक. 'दॅट' दोन्हीकडे आहे! वर्गात सांगितलंय की 'दॅट' दिसला की नाऊन क्लॉज. मी मराठी माध्यमाची, आम्हाला इंग्रजी पाचवीपासून, क्लॉज पाठ करूनच निभावले. यूट्यूबवर तीन व्हिडिओ पाहिले, डोकं आणखी फिरलं. पोरगी रडकुंडीला आली आहे. लवकर सांगा.

पश्चिमघाट
वाक्यं कुठली? वाक्य नसताना क्लॉज कसा ओळखणार?

कोरी_पाटी
ताई, एकदम सोपं आहे. अँड, बट, ऑर असेल तर कंपाउंड, बाकी कॉम्प्लेक्स. माझ्या मुलाने एवढ्यावरच सगळे मार्क घेतले.

पश्चिमघाट
अहो, त्यांनी कंपाउंड की कॉम्प्लेक्स हे विचारलेलंच नाही. गौण वाक्य कुठल्या प्रकारचं, ते विचारतायत.

अर्धविराम
स्वल्पविरामाकडे लक्ष द्यायला सांगा तिला. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नाशिक' म्हटलं तर भाऊ एकाहून जास्त, त्यातला नाशिकचा. 'ब्रदर'नंतर आणि 'नाशिक'नंतर स्वल्पविराम दिला तर भाऊ एकच, नाशिक ही जास्तीची माहिती. मराठीत ही चिन्हं मेजर कँडींनी रुळवली, पण आपण ती अजून मनावर घेत नाही.

रानजाई
स्वल्पविरामाचा प्रश्न नाहीये हो. वाक्यं राहिलीच, ही घ्या.
१) द न्यूज दॅट ही हॅड रिझाइन्ड शॉक्ड अस.
२) द न्यूज दॅट ही ब्रॉट शॉक्ड अस.
पहिलं बरोबर, दुसरं चूक. मला तर दोन्ही सारखीच दिसतात.

निवृत्त_मास्तर
तपासणाऱ्याने बरोबर तपासलंय. चुकलाय तो वर्गातला नियम.

मुलीला शेजारी बसवा. 'दॅट' आणि त्याच्या आधीचं सगळं बोटाने झाकायला सांगा, 'शॉक्ड अस'ही झाका. पहिल्यात उरलं 'ही हॅड रिझाइन्ड'. त्याने राजीनामा दिला होता. कुठे अडलं? नाही. दुसऱ्यात उरलं 'ही ब्रॉट'. त्याने आणली. काय आणली? इथे जागा रिकामी आहे. ती 'दॅट'ने भरली आहे, तो 'न्यूज'च्या बदली उभा आहे. म्हणून ते विशेषण उपवाक्य, अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. पहिल्यातला 'दॅट' नुसता जोडणारा. बातमी कुठली, तर राजीनाम्याची. बातमी आणि उपवाक्य एकच. म्हणून नाऊन क्लॉज.

आता हेच मराठीत म्हणा. 'त्याने राजीनामा दिला *ही* बातमी.' 'त्याने *जी* बातमी आणली *ती*.' जो-जी-जे आपसूक तोंडात आलं की विशेषण उपवाक्य. 'की' किंवा 'हे, ही' आलं की नाम. फॅक्ट, होप, बिलीफ, रिपोर्ट या शब्दांपाशी हीच गफलत होते, तिथे थांबायला सांगा.

दूरदेशी
मास्तर, बोट झाकणं ठीक, पण मराठीत आणून ओळखायची सवय नको. मी अकरा वर्षं बाहेर आहे. मनातल्या मनात भाषांतर करायचो तोवर माझं बोलणं अडखळतच होतं. त्यापेक्षा 'दॅट'च्या जागी 'विच' घालून बघा. 'द न्यूज विच ही ब्रॉट' चालतं, 'द न्यूज विच ही हॅड रिझाइन्ड' चालत नाही. काम झालं.

निवृत्त_मास्तर
'विच'ची खूण चांगली आहे. पण चालतं की नाही हे कानाला कळायला आधी इंग्रजी कानावर पडलेलं लागतं. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, तरी खेड्यातल्या पोराच्या घरात ते कोण बोलतं? त्याच्याकडे 'जो-तो' आहे. ते वापरायचं नाही तर काय वापरायचं?

कोरी_पाटी
'टू' काढा हा प्रश्नही येतोच, तो करून घ्या. 'ही इज टू टायर्ड टू वॉक' चं 'ही इज सो टायर्ड दॅट ही कॅनॉट वॉक'. हमखास मार्क.

पश्चिमघाट
हे विचारलं नव्हतं, पण बरं झालं टाकलंत. मास्तर, इथे तुमची खूण फसते. 'दॅट'पर्यंत झाकलं तर 'ही कॅनॉट वॉक' पूर्ण आहे. मराठीतही 'इतका दमलाय *की* चालवत नाही'. म्हणजे नाऊन क्लॉज म्हणायचं? ते तर क्रियाविशेषण उपवाक्य आहे, परिणाम सांगणारं.

निवृत्त_मास्तर
खरं आहे, मी ते सांगायला हवं होतं. आधी मागे 'सो' किंवा 'सच' आहे का ते बघायचं. असेल आणि 'इतका... की' असा अर्थ निघत असेल, तर अ‍ॅडव्हर्ब क्लॉज, पुढे बघायचंच नाही. नसेल तर बोट.

रानजाई
आत्ता दहा वाक्यं करून घेतली. बोट ठेवून ठेवून वहीवर शाई फासली, पण नऊ बरोबर आली! चुकलं ते हे : 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम'. तिने अ‍ॅडव्हर्ब क्लॉज लिहिलं, 'व्हेन' म्हणजे वेळ म्हणून.

निवृत्त_मास्तर
शाबास तिला. 'आय डोन्ट नो'ला विचारा, काय माहीत नाही? 'तो कधी येईल *हे*.' 'हे' आलं, कर्म आहे, नाऊन क्लॉज. आणि 'विल' बघा. 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम' हे वेळ सांगणारं उपवाक्य. पुढच्या काळाचं असूनही त्यात 'विल' घालत नाहीत. 'द डे व्हेन ही केम' मात्र तिलाच विचारा.

रानजाई
विचारलं. 'ज्या दिवशी तो आला तो दिवस. आई, जो-तो आहे, अ‍ॅडजेक्टिव्ह.' वहीतून मान वर न करता सांगितलं. मास्तर, मनापासून आभार. वर्गातला तो नियम बाकीची मुलंही लिहून बसलीत, उद्या ती ही दोन वाक्यं घेऊन मॅडमना भेटणार आहे.