दाजी म्हणतात फक्त दोनच माणसं जोडायची, भरू का १५ हजार?

गंगावेशचा_पप्या: मंडळी सल्ला पाहिजे. रविवारी दाजींनी राजारामपुरीतल्या एका हॉलवर नेलं, कशाला ते सांगितलंच नाही, नुसतं चल म्हणाले. तिथं सूटवाला एकजण बोर्डावर गोल काढून लेफ्ट राईट समजावत होता, मग एक बाई पहिल्या चेकचा लॅमिनेशन केलेला फोटो दाखवून रडल्या, सगळ्यांच्या टाळ्या. १५ हजार भरायचे, पावडरचे चार डबे मिळतात आणि दोन माणसं जोडायची. दाजींना ८ हजार खरंच आलेत, पासबुक बघितलं मी. मग फसवणूक कशी म्हणायची?

तांबडा_पांढरा: भावा ते ८ हजार डबे विकून आलेत काय? खालच्या दोन पोरांच्या १५-१५ हजारातनं आलेत. आता दोनाचे चार, चाराचे आठ करत बस, बाविसाव्या पायरीला ४१ लाख ९४ हजार माणसं लागतात, आणि २०११ च्या जनगणनेत अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात ३८ लाख ७६ हजार होती, पाळण्यातली पोरं धरून. कुठंबी थांबव, शेवटच्या पायरीवर वरच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त माणसं असत्यात आणि त्यांच्या खाली कोणच नसतंय. भिशीत निदान तेवढ्याच बारा जणांत पैसा फिरतो आणि प्रत्येकाचा नंबर लागतो.

कळंब्याची_मावशी: बाळा मी केलंय हे. पहिल्याच दिवशी वही देऊन शंभर नावं लिहायला लावली, नणंदा, शाळेतल्या मैत्रिणी, दूधवाला सुद्धा. त्यांचा खरा माल ती वहीच. कोण जोडलं गेलं नाही की म्हणणार तुम्हीच मनापासून करत नाही, सेमिनारला या, त्याचे पैसे वेगळे. भिशीतल्या दोघींना मी ओढलं, त्यातली एक अजून मंडईत दिसली की रस्ता बदलते. डबे माळ्यावर आहेत, तारीख संपलेले.

दसरा_चौक: १९७८ च्या कायद्यानं असल्या मनी सर्क्युलेशन स्कीमला बंदी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. चालवणाराच नाही, सभासद होणारा पण त्यात येतो हे लोकांना माहितच नसतं. दाजींनी पोरं जोडलीत, म्हणजे बघा. पावत्या, व्हॉट्सअॅप मेसेज काही डिलीट करू देऊ नका.

गंगावेशचा_पप्या: आत्ताच दाजींना फोन लावला, किती डबे विकले विचारलं, तर म्हणे आपण घरीच वापरतोय की. मी काय भरत नाही आता. पण ताईच्या पाटल्या गहाण टाकून भरलेत त्यांनी, तिला अजून माहिती नाही. कसं सांगू?